कुंदनकाकांचं कडू

दिवेलागणीच्या सुमारास कुंदनकाका सदऱ्याची बाही कोपराच्या वर सरकवायचे, दुकानाच्या ओट्यावर मांडी घालून बसायचे आणि उजवा हात समोरच्या गटारावर लांब करायचे. पारोळ्याच्या बाजारपेठेतलं ते गटार कधी पुरतं वाहिलेलं मी पाहिलं नाही. त्या वेळेला तिथे इतके मच्छर घोंगावत असत की बोलताना तोंडापुढे रुमाल धरावा लागे. काका मात्र हात तसाच धरून गिऱ्हाइकाकडे बघत राहायचे.

"बघा. बसतो का? एक तरी बसतो का?"

खरंच बसत नसे. मच्छर हाताच्या आसपास येत, गिरकी घेत आणि शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या मानेवर जाऊन बसत. गिऱ्हाईक फटकन मानेवर हात मारी. काकांचा चेहरा क्षणभर कसनुसा होई. "मारू नका हो. त्यालाही पोट आहे. त्याला फक्त नको म्हणा."

नको म्हणायचं कसं, तर रोज सकाळी अनशापोटी चमचाभर कडू खाऊन. सावलीत वाळवलेली कडुनिंबाची पानं, चिराईत, ओवा आणि मेथ्या यांची ती हिरवट करड्या रंगाची पूड. तिला त्यांनी कधी नाव दिलं नव्हतं. घरात, दुकानात, गल्लीत ती नुसती 'कडू' होती. सकाळी भेटणाऱ्याला काका नमस्काराऐवजी विचारायचे, "कडू घेतलं का?"

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून पारोळ्याला रुजू झाले, तेव्हा खोली शोधत त्यांच्या दुकानात शिरले होते. दुकान जडीबुटीचं आणि पूजेच्या सामानाचं, वर दोन खोल्या रिकाम्या. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. चष्म्यावरून माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "डॉक्टरबाई, तुम्हाला मच्छर फार खातात ना?"

मी म्हटलं, "हो, फार."

"मग आमच्याकडेच राहा. तुमचं रक्त कडू करून टाकू."

काकांचे आजोबा मारवाडातून इकडे आले. काका जन्मले, वाढले ते पारोळ्यातच. घरात मारवाडी, दुकानात मराठी आणि खेड्यातलं माणूस आलं की अस्सल अहिराणी, असं त्यांचं बोलणं सहज बदलत जाई. घर जैन, म्हणून सूर्यास्ताआधी जेवण, पाणी गाळून, जमिनीखाली उगवलेलं काही खायचं नाही. दुकानात मच्छरची अगरबत्ती किंवा फवारा ठेवत नसत. कुणी मागितलं तर म्हणायचे, "मारायचं सामान पलीकडच्या दुकानात मिळेल. आपल्याकडे पळवायचं आहे." हे ते इतक्या सौम्यपणे म्हणायचे की पलीकडच्या दुकानदारालाही त्यात टोमणा वाटत नसे.

घरातलं प्रत्येक तोंड कडू खात असे. काकांच्या पत्नी कमलकाकी गुळाचा खडा तोंडात तयार ठेवूनच चमचा घेत. मला एकदा म्हणाल्या, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पहिला चमचा दिला. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं आणि शिक्षा देताहेत." ओट्याखाली राहणारी भुरी नावाची कुत्री होती, तिला बाजरीच्या भाकरीत तूप लावून, मध्ये कडू दाबून द्यायचे. गल्लीतल्या शेळ्या, मागच्या गोठ्यातली म्हैस, सगळ्यांना ते पोचत असे. माझं जनावरं तपासून झालं की शेतकरी दबक्या आवाजात विचारायचे, "बाई, शेठनं कडू चालू ठेवू ना?" मी म्हणायची, ठेवा, नुकसान नाही. तेवढ्याशा पुडीने म्हशीला काही होणारही नव्हतं.

आमचं भांडण होतं ते गोचिडांवरून. उन्हाळ्यात भुरीच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड भरत. काका दुपारी चिमटा घेऊन बसायचे, एकेक गोचीड अलगद सोडवून नारळाच्या करवंटीत ठेवायचे आणि मग ती करवंटी घेऊन उन्हातून गावाबाहेरच्या पडीक जागेपर्यंत चालत जायचे. मी म्हणायची, "काका, भुरी रोज तिकडेच फिरायला जाते. तेच गोचीड परत येतात."

"येऊ द्या. त्यांना रस्ता सापडतो, त्याला मी काय करू?"

"एक थेंब औषधाचं काम आहे."

"औषध त्यांच्यासाठी नाही ना ते. त्यांच्यासाठी काय आहे ते तुम्हालाही माहीत आहे."

हसून बोलायचे, पण तिथून पुढे सरकत नसत. या हट्टाचं मूळ मला पुढे काकींकडून कळलं. काकांना एक धाकटी बहीण होती, सुंदर नावाची. ती लहानपणीच हिवतापाने गेली. आईने त्याच महिन्यात कुणा वैद्याला विचारून हे कडू सुरू केलं, आणि त्यानंतर घरातलं एकही मूल तापाने गेलं नाही. काकांनी आईला आयुष्यभर खलबत्त्यात ती पानं कुटताना पाहिलं होतं. ती कुटताना रडायची, असं ते काकींना म्हणाले होते. अशा गोष्टीवर शंका कशी घ्यायची, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि मलाही ते शिकवावंसं वाटलं नाही.

मग सुमित आला. सुमित काकांचा पुतण्या, जळगावला राहतो, चुणचुणीत मुलगा. दिवाळीत आला होता, तेव्हा त्याने काकांचा तो ओट्यावरचा हात मोबाईलवर टिपला. संध्याकाळचा उजेड, घोंगावणारे मच्छर, सुरकुतलेला स्थिर हात आणि काकांचा आवाज. तो व्हिडिओ बघता बघता सगळीकडे पसरला. पाचोऱ्याहून, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून माणसं कडू विचारत यायला लागली. सुमितने मोठा बेत केला. प्लॅस्टिकचे डबे, त्यावर काकांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरात, 'माणसांसाठी आणि पाळीव प्राण्यांसाठी, आतून संरक्षण.' काकांनी पहिला डबा हातात घेतला तेव्हा त्यांना संकोचही झाला आणि आनंदही. फोटोवरून बोट फिरवत म्हणाले, "आई असती तर तिचा लावला असता." मग काकींना हाक मारून डबा दाखवला, शेजारी दाखवला, मला जिना चढून वर येऊन दाखवला.

पुढच्या श्रावणात पारोळ्यात डेंगी आला.

किल्ल्याच्या खंदकाकडच्या वस्तीत इंदूबाई राहायची. नवरा नाही, काही शेळ्या आणि रेखा नावाची शाळकरी मुलगी. शेळ्यांमुळे माझी तिची ओळख, आणि कडूमुळे काकांची. काकांवर तिची अशी श्रद्धा की शेळीला खोकला झाला तरी आधी त्यांना विचारायची आणि मग माझ्याकडे यायची. रेखाला ताप आला तेव्हाही ती आधी दुकानात आली. काकांनी तिच्या तोंडून ताप, अंगदुखी, डोळ्यांमागे ठणका एवढं ऐकलं आणि सरळ रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात पाठवलं. तिथून रेखाला धुळ्याला हलवलं. पेशी भराभर उतरत होत्या, हिरड्यांतून रक्त येत होतं.

दुसऱ्या दिवशी काका मला म्हणाले, "मला धुळ्याला घेऊन चला." वाटेत ते खिडकीबाहेर बघत होते. एकदाच बोलले. "कडू खात होती ती. रोज. तरी कसं?"

धुळ्याच्या त्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात इंदूबाई भिंतीला टेकून बसली होती. काकांना बघून उठली, पदर सारखा केला. काकांनी विचारलं, "इंदू, घरात मच्छरदाणी होती ना तुमच्याकडे? मागे वाटली होती ती?"

"व्हती ना शेठ. काढी टाकी. बकरीना पिलासवर टाकी दिधी."

"काढली का?"

इंदूबाईला प्रश्नच कळला नाही. ती भाबडेपणाने म्हणाली, "तुम्हीच सांगेल व्हतं ना, कडू खाई लिधं म्हंजे मच्छर चावत नही. मंग दाणी कसाले? मनी रेखा दुपारले दाणीमा अभ्यास करे. मी सांगं, उठ, आते काय गरज शे."

काका बाकावर बसले. इंदूबाई घाबरली. त्यांच्यासमोर उकिडवी बसून म्हणाली, "तुम्हना काय दोस शे, शेठ? मच्छर चावना. तुम्ही थोडाच चावनात?"

परतताना बसमध्ये मी त्यांची समजूत घालायला लागले. म्हटलं, डेंगी साऱ्या गावात आहे. त्याचा डास दिवसा चावतो, रेखा शाळेत जाते, पाण्यावर जाते, कुठेही चावला असेल. मच्छरदाणी असती तरी ताप आला नसता असं कुणी सांगू शकत नाही.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते सांगता येत नाही, खरं आहे. पण ती मच्छरदाणी माझ्या बोलण्याने निघाली, हे तर सांगता येतं ना?"

बाहेर कपाशीची शेतं मागे पडत होती.

रेखा वाचली. हळूहळू पेशी चढल्या, आणि ती हडकून, केस गळून का होईना, घरी आली. पण ती घरी येण्याआधीच काकांनी एक गोष्ट केली होती. त्यांना दुपारी झोपून उठल्यावर हातापायांना तेल चोळायची सवय होती. करंजीच्या तेलात कडुनिंबाचं तेल मिसळलेलं, सांध्यांसाठी. कित्येक वर्षांची सवय. धुळ्याहून आल्यावर ते मला म्हणाले, "बाई, तुम्ही डॉक्टर. मला सांगा, हे कडूने होतं की तेलाने, हे कसं समजायचं?"

मी म्हटलं, "तेल न लावता बसा."

"एवढंच?"

"एवढंच."

त्या दिवशी त्यांनी सकाळी कडू नेहमीपेक्षा जास्त घेतलं, हे काकींनी सांगितलं. दुपारी तेल लावलं नाही. साबणाने हात खांद्यापर्यंत धुतला. संध्याकाळी बाही वर करून ओट्यावर बसले आणि हात गटारावर धरला. मी आणि काकी आत दाराशी उभ्या होतो. रस्त्यावरच्या लोकांना त्यात नवीन काही नव्हतं. थोड्याच वेळात एक मच्छर मनगटावर बसला. काकांनी हात हलवला नाही. दुसरा बसला. मग कोपरापाशी, मग बोटांवर. काकी पुढे होऊन म्हणाल्या, "अहो, पुरे ना." त्यांनी डाव्या हाताने थांबायची खूण केली. ते मच्छर पोट भरून लालसर होऊन उडून जाईपर्यंत ते बघत राहिले. दुकानातला दिवा लागला तेव्हा आत आले. हातभर गांधी उठल्या होत्या.

"आईचं काहीच खरं नव्हतं का हो?" ते म्हणाले. मला विचारलं की काकींना, कळलं नाही.

काकी म्हणाल्या, "तिचं दुःख खरं होतं. तेवढं असू द्या ना."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कडू विकायचं बंद केलं. सोपं वाटतं, पण तसं झालं नाही. गिऱ्हाईक आलं की ते म्हणायचे, "कडूने मच्छर पळत नाही. मी चुकीचं सांगत होतो. मच्छरदाणी लावा, पाणी झाकून ठेवा." लोक हसायचे. कुणाला वाटे माल संपलाय, कुणाला वाटे शेठ आता मोठे झाले, साध्या माणसाला देत नाहीत. एक म्हातारे आबा तर रागावून म्हणाले, "इतके दिवस आम्हाला खाऊ घातलं आणि आता म्हणता खोटं? मग माझे गुडघे दुखायचे कसे थांबले?" काकांनी कधीच गुडघ्यांबद्दल काही म्हटलं नव्हतं.

सगळ्यात अवघड इंदूबाई. ती वस्तीभर सांगत फिरत होती, "कडूमुळेच वाचनी मनी पोर. नही तं गयीच व्हती." त्यामुळे वस्तीतला कडूचा खप वाढला. काका दुकानात देत नाहीत म्हटल्यावर लोक सुमितचे डबे आणायला लागले.

भाद्रपदात जैनांची संवत्सरी असते. त्या दिवशी वर्षभरात कळत नकळत दुखावलेल्या सगळ्यांची क्षमा मागतात. काका दरवर्षी मागायचे, माझीही मागायचे, आणि मी हसून नमस्कार करायची. त्या वर्षी उपवास सोडायच्या आधी ते खंदकाकडच्या वस्तीत गेले. मी रेखाला बघायला तिथे आले होते. काका इंदूबाईच्या दारात उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्. इंदू, माझी चूक झाली. मला माफ कर." इंदूबाईला वाटलं, शेठचा सण आहे. तिने लगबगीने त्यांना पाट दिला, गूळ आणला, शेळ्यांचं सांगायला लागली. काका परत म्हणाले, "सण म्हणून नाही म्हणत, बाई." ती म्हणाली, "हा शेठ, हा," आणि पाण्याचा पेला पुढे केला. उपवास असल्यामुळे त्यांना तो घेताही आला नाही. रेखा मात्र खाटेवरून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिला कळलं असावं.

सुमितला बोलावून घेतलं, ती दुपार मला आठवते. काकांनी त्याला समोर बसवून डबे बंद करायला सांगितलं. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता, मग म्हणाला, "काका, लोकांना गुण येतोय. तुम्ही फक्त गप्प बसा. तुमच्या नावाला धक्का लागू देणार नाही."

"नावाला काय धक्का लागायचा राहिलाय? पोर मरता मरता वाचली."

"त्याचा आपल्याशी संबंध कुणी लावलाय? आणि आता फॉर्म्युला पण सुधारलाय. कुत्र्यांच्या डब्यात लसूण घातलाय. परदेशात सगळे देतात."

काका हबकले. "आपल्या घराच्या नावाने लसूण?"

मला मध्ये बोलावंच लागलं. म्हटलं, "सुमित, कुत्र्याला रोज लसूण दिला तर त्याच्या रक्तातल्या पेशी फुटतात. जनावर पांढरं पडतं."

"मॅडम, नॅचरल आहे हो."

काका एकदम मोठ्याने म्हणाले, "धोतराही नॅचरलच आहे!" त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. भुरी ओट्याखालून उठून आत बघायला लागली. सुमित उठला, काकांच्या पाया पडला आणि निघून गेला. डबे चालूच राहिले. काकांनी एका वकिलालाही विचारून पाहिलं. तो म्हणाला, डब्यावरचा फोटो काढून टाकायला लावता येईल, वेळ लागेल, घरातच भांडण कशाला.

थंडी सुरू होताना भुरी आजारी पडली. खाणं सोडलं, नाकातून रक्त आलं. रक्त तपासून घेतलं. गोचिडांचा ताप होता. मी इंजेक्शनं सुरू केली आणि काकांना स्पष्ट सांगितलं, "ही बरी होईल. पण अंगावरचे गोचीड मेले पाहिजेत. नाहीतर मी कितीही सुया टोचल्या तरी परत तेच. मानेवर औषधाचे थेंब टाकावे लागतील. करवंटीने भागणार नाही."

ते भुरीशेजारी जमिनीवर बसले होते. तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. मी कुपी हातात धरून उभी. काकी आतून बघत होत्या.

"मी तुम्हाला नाही म्हणालो तर ही मरेल. हो म्हणालो तर ते मरतील," ते म्हणाले. "मधला रस्ता आहे असं मी जन्मभर समजत होतो."

मग त्यांनी हात पुढे केला. "द्या. तुम्ही नका टाकू. मी टाकतो. कुणी केलं, ते मला माहीत असू दे."

त्यांनी भुरीच्या मानेवरचे केस दोन बोटांनी विलग केले आणि थेंब टाकले. एक थेंबही बाहेर सांडला नाही. दोन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही. मेलेले गोचीड तिच्या अंगाखालच्या गोणपाटावर पडत होते. ते स्वतः झाडून गोळा करत आणि मागच्या अंगणात पुरत. भुरी उठून भाकरी खायला लागली, तेव्हा त्यांना आनंद झाला. पण तो त्यांनी कुणाशी बोलून दाखवला नाही.

त्यानंतर त्यांनी एक काम हाती घेतलं. जुन्या धोतरांचे, साड्यांचे गोल तुकडे कापायचे, कडेने नाडी ओवायची आणि पाण्याच्या पिंपांच्या तोंडाला बांधायचे. काकी शिवायच्या, काका बांधायचे. "इथे कुणाला मारायचं नाही," मला समजावून सांगताना त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी थोडं बळ आलं होतं. "मच्छर पाण्यात अंडी घालतो. पाणीच झाकलं, तर अंडी नाहीत. कुणी मेलंच नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं." वस्तीत ते दर रविवारी जायचे. बायका तांब्या बुडवायला अडचण होते म्हणून कापड सोडून ठेवायच्या. पुढच्या रविवारी ते परत बांधायचे. कुणाला रागवायचे नाहीत. इंदूबाईच्या पिंपाचं कापड मात्र जागेवर असायचं, कारण ते रेखा सांभाळायची.

माझी बदली धुळ्याला झाली. निघताना काकी रडल्या, काका म्हणाले, "धुळ्यात मच्छर कमी नाहीत. खिडक्यांना जाळी मारून घ्या." पूर्वीचे काका असते तर पिशवीत पुडी टाकली असती.

फोनवर बोलणं व्हायचं. त्यांच्या फोनला नेहमी मागून दुसरा फोन येत असायचा. सुमितने डब्यांवर चौकशीसाठी काकांचाच नंबर छापला होता, तो कधी बदलला नाही. कुठून कुठून लोक विचारायचे. तान्ह्या बाळाला किती द्यायचं? गरोदर बाईला चालेल का? कुत्रा दोन डबे खाऊन थकल्यासारखा पडलाय, काय करू? मी म्हटलं, काका, नंबर बदलून टाका, त्रास संपेल. ते म्हणाले, "माझा संपेल हो. त्यांना उत्तर कोण देईल? तिकडे सुमित देईल ना." म्हणून ते प्रत्येक फोन घ्यायचे. जेवता जेवता, सामायिकातून, म्हणजे रोजच्या ध्यानातून, उठल्या उठल्या, बाजारात उभं राहून. बाळाला देऊ नका. बाईला तर अजिबात नको. कुत्र्याला आजच डॉक्टरकडे न्या आणि लसणाचं सांगा. लोक वाद घालायचे, काही शिव्याही द्यायचे, की स्वतःच्या डब्याबद्दल असं कोण बोलतं. एकदा थकून मला म्हणाले, "चुकीचं सांगायला मला एक संध्याकाळ पुरली, बाई. परत घ्यायला उरलेला जन्म पुरेलसं वाटत नाही."

पुरला नाही. गेल्या हिवाळ्यात सकाळी अंगणात बसले असताना छातीत कळ आली आणि ते गेले. मला निरोप मिळाला तेव्हा मी दूरच्या एका गावात लसीकरणाला होते. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

काही दिवसांनी काकींना भेटायला गेले. दुकान अर्धं उघडं होतं. भुरी म्हातारी झाली होती, मला बघून नुसती शेपटी हलवली. रेखा आली होती. ती आता धुळ्यात नर्सिंग शिकते, सुट्टीला घरी आली होती, आणि काकींना भाजी निवडून देत होती. काकींना कधी परक्या माणसाशी फोनवर बोलायची सवय नव्हती. घरात मोबाईल वाजला की त्या पूर्वी काकांना हाक मारून स्वयंपाकघरात निघून जायच्या.

आम्ही बसलो असतानाच काकांचा फोन वाजला. मी बघत राहिले, की कोण उचलणार. काकींनी पदराला हात पुसले, फोन कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. पलीकडे कुणी बाई असावी. काकी म्हणाल्या, "नाही, ते नाहीत. मी त्यांची बायको बोलतेय." मग ऐकत राहिल्या.

"किती महिन्यांचं आहे बाळ?" त्यांनी विचारलं. "नाही. नाही हो, एक चिमूटसुद्धा नका देऊ. डब्यावर काही लिहिलेलं असो. घरात मच्छरदाणी आहे का? नसेल तर आजच आणा. मी थांबते, तुम्ही आधी तो डबा बाळापासून लांब ठेवून या."

आणि त्या फोन कानाला लावून, ती बाई परत येईपर्यंत, तशाच थांबून राहिल्या.